याहवे आणि त्याची अशेरा

रॅफेल पटाई यांचे 'द हिब्रू गॉडेस' हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि विल्यम डेव्हर यांचे 'डिड गॉड हॅव अ वाइफ?' हे २००५ साली. मधल्या ३८ वर्षांत जमिनीतून जे काही वर आले त्याने या विषयाचा नूरच पालटून टाकला. तरीही ही दोन पुस्तके लागोपाठ वाचणाऱ्याला असे जाणवल्यावाचून राहत नाही की, दोघांची फिर्याद एकच आहे. इस्राएलाच्या देवाशेजारी एके काळी एक देवी होती. पुढे धर्मग्रंथ लिहिणाऱ्यांनी तिला घराबाहेर काढले आणि ती कधी घरात होती याचा मागमूसही राहू नये अशी तजवीज केली, ही ती फिर्याद. फिर्याद खोटी नाही. परंतु ती जितक्या सोप्या शब्दांत मांडली जाते तितकी ती सोपी आहे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मला हिब्रू येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पवित्र शास्त्र मराठीत वाचले आणि त्यावरचे पंडितांचे ग्रंथ इंग्रजीत वाचले, एवढीच माझी शिदोरी. मात्र कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते. कोणाच्या तोंडी किती भाषण घातले आहे, कोणाला नाव दिले आहे आणि कोणाला नुसतेच गर्दीत उभे केले आहे, हे तो आधी पाहतो. बायबल हा धर्मग्रंथ आहे खराच. पण तो अनेक हातांनी, अनेक शतकांत लिहिलेला आणि पुन्हा पुन्हा तपासलेला ग्रंथही आहे, आणि तपासणाऱ्यांच्या बोटांचे ठसे त्यावर जागोजागी उमटलेले आहेत.

'अशेरा' हा शब्द हिब्रू बायबलात सुमारे ४० वेळा येतो आणि प्रत्येक वेळी तो एकाच अर्थाने येत नाही. कोठे ती उघडउघड देवता आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात ईजबेल राणीच्या पंक्तीला जेवणारे अशेरेचे ४०० संदेष्टे आहेत. कोठे ती रोवण्याची, तोडण्याची, जाळण्याची वस्तू आहे. याहवेच्या वेदीजवळ कोणतेही झाड अशेरा म्हणून लावू नये, अशी अनुवादाच्या पुस्तकात मनाई आहे. ग्रीक भाषांतरकारांनी या शब्दाचे 'राई' करून टाकले, लॅटिनने तेच उचलले आणि १६११ च्या इंग्रजी बायबलातही तेच राहिले. मनश्शे राजाने यरुशलेमच्या मंदिरात अशेरेची कोरीव मूर्ती बसवली, असे मूळ हिब्रू सांगते. इंग्रजीत त्याने मंदिरात राईची कोरीव मूर्ती बसवली! राईची मूर्ती कशी असते, असा प्रश्न इतकी शतके एखाद्या पोराने तरी मास्तरांना विचारला असेलच. उत्तर काय मिळाले असेल याची कल्पना एका मास्तराला सहज करता येते. आपल्या मराठी बायबलात अशेरा हे नाव टिकले आहे, ही समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ती राई नव्हे, बाई आहे, हे निर्विवाद ठरले ते सीरियाच्या किनाऱ्यावर. १९२८ साली रास शामरा येथे एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला. पुढल्या वर्षी क्लोद शेफर यांनी उत्खनन सुरू केले आणि इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास नष्ट झालेले उगारित नगर उजेडात आले. तेथील मातीच्या विटांवर कोरलेल्या काव्यांत देवांचा वृद्ध पिता एल आहे आणि त्याची पत्नी अथिरत आहे. ती सागराची स्वामिनी, देवांची जननी. तिला सत्तर पुत्र. बआलाला घर बांधून हवे असते तेव्हा एलकडे रदबदली करण्यासाठी तो आणि अनत तिच्याकडेच जातात. अथिरत आणि अशेरा हे एकच नाव दोन भाषांच्या वळणांनी लिहिलेले.

आता एल हे नाव लक्षात ठेवावे, कारण सारी गंमत तेथेच आहे. इस्राएल या नावातच एल आहे, याहवे नाही. निर्गमच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो की, तुझ्या पूर्वजांना मी एल शद्दाय म्हणून दर्शन दिले, याहवे हे माझे नाव त्यांना ठाऊक नव्हते. उत्पत्तीत यरुशलेमचा (तेथे शालेम म्हटले आहे) राजा एल एल्योन या देवाचा याजक आहे. याहून धीट पुरावा अनुवादाच्या ३२ व्या अध्यायात दडला होता. तेथे एल्योन म्हणजे परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो आणि याकोबाचे कूळ याहवेच्या वाट्याला येते. प्रचलित हिब्रू प्रतीत ही वाटणी इस्राएलपुत्रांच्या संख्येप्रमाणे झाली असे आहे, आणि त्यातून काही अर्थबोध होत नाही. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांच्या संख्येने जग कसे वाटणार? मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत १९४७ पासून जी हस्तलिखिते मिळाली त्यांतल्या एका तुकड्यात तेथे 'देवपुत्र' असा पाठ निघाला. म्हणजे कधीकाळी याहवे हा एलच्या भरल्या घरातला एक वारस होता, आणि पुढे तो घरधनी झाला, असा तर्क पुष्कळ विद्वानांनी केला आहे. बापाचे नाव त्याने स्वतःला लावून घेतले. एल हा शब्द मुळातच विशेषनाम आणि सामान्यनाम असा दुहेरी होता, त्यामुळे ते काम बिनबोभाट झाले. एल म्हणजे देव, आणि देव म्हणजे याहवे.

घर बदलले की घरधनीणही नव्या धन्याकडे येते. येथेच कुंतिलेत अजरूदचा रांजण पुढे करावा लागतो.

सिनाईच्या ईशान्य भागातील या ओसाड टेकडीवर झेएव्ह मेशेल यांनी १९७५ आणि १९७६ मध्ये उत्खनन केले. वाळवंटी वाटेवरची ती एक वास्तू, इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासची. तेथे मोठ्या रांजणांवर शाईने लिहिलेले आशीर्वादाचे मजकूर सापडले. एकात शोमरोनच्या याहवेचा आणि त्याच्या अशेरेचा आशीर्वाद मागितला आहे. दुसऱ्यात तेमानच्या याहवेचा आणि त्याच्या अशेरेचा. याच्याही आधी, पटाई यांचे पुस्तक निघाले त्याच १९६७ साली, हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम येथील थडग्यात खुद्द डेव्हर यांना एक शिलालेख मिळाला होता. उरियाहू नावाच्या माणसाला याहवेने आणि त्याच्या अशेरेने शत्रूंपासून सोडवले, अशा आशयाचा तो आहे. पटाईंनी केवळ ग्रंथांवरून आणि मातीच्या बाहुल्यांवरून जे अनुमान बांधले होते, त्याला दगडाचा आणि खापराचा असा दुहेरी टेकू मिळाला.

पण येथे व्याकरण आडवे येते. बायबलच्या हिब्रूत विशेषनामाला 'त्याचा', 'तिचा' असा प्रत्यय जोडत नाहीत. आपल्या कानाला यात काहीच खटकत नाही. 'विष्णू आणि त्याची लक्ष्मी' असे आपण बिनदिक्कत म्हणतो. हिब्रूत तसे म्हणत नसतील, तर 'त्याची अशेरा' म्हणजे देवी नव्हे, याहवेच्या वेदीशेजारचा पवित्र खांब, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. मार्क स्मिथ यांनी १९९० साली 'द अर्ली हिस्टरी ऑफ गॉड' या ग्रंथात असेच काहीसे प्रतिपादन केले: देवी कधीच मागे पडली होती, तिचे चिन्ह तेवढे याहवेचे म्हणून उरले होते. दुसरा पक्ष म्हणतो, एक प्रत्यय एवढे ओझे वाहू शकत नाही.

शाळेत षष्ठी विभक्ती शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा वाद रंजक वाटतो. पण तो तोडायला दोन्ही पक्ष जी सुरी वापरतात ती मला मान्य नाही. खांबाकडे कोणी आशीर्वाद मागत नाही. मागत असेल तर तो खांब त्याच्या दृष्टीने नुसता खांब नाही. उलट देवी मानली तरी रांजणावर लिहिणाऱ्याने तिला स्वतंत्र उभे केलेले नाही; ती 'त्याची' आहे, आशीर्वादाच्या वाक्यात तिचा क्रमांक दुसरा आहे. जिला उगारितमध्ये सत्तर मुलगे आणि सागराचे स्वामित्व होते तिच्याजवळ आता एक षष्ठीचा प्रत्यय उरला आहे. माझ्या मते त्या लेखांतली खरी बातमी ही आहे, आणि देवी की खांब या झटापटीत ती कोणाच्या हाती लागत नाही. त्याच रांजणावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन आकृती काढल्या आहेत आणि काहींनी त्या याहवे व अशेरा म्हणून जाहीरही करून टाकल्या. चित्रांचा कसून अभ्यास करणाऱ्या पिर्हिया बेक यांना मात्र त्या बेस या ठेंगू देवाच्या वळणाच्या दिसल्या, आणि लेखाचा हात निराळा, चित्राचा निराळा. ते छायाचित्र मुखपृष्ठावर छापण्याचा मोह प्रकाशकांना होतो, हे समजण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी पुरेशी बोलून दाखवीत नाही. शोमरोनचा याहवे आणि तेमानचा याहवे, म्हणजे देव एकच पण गावोगावचा वेगळा. याहवे एकच आहे असे बजावणारी 'शेमा' ही प्रार्थना अनुवादात आहे. तिचा रोख परक्या देवांवर जितका आहे तितकाच कदाचित या गावोगावच्या याहवेंवरही असावा. कोकणातले आपले बेने इस्राएल, ज्यांना शेजारी शनिवारतेली म्हणत, ते हिब्रू जवळजवळ विसरले पण शेमा विसरले नाहीत असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. त्या प्रार्थनेत देवाचे नाव दोनदा येते आणि दोन्ही वेळा ते नाव उच्चारीत नाहीत. त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, म्हणतात. बायबलात सुमारे ६,८०० वेळा आलेले चार अक्षरांचे नाव, आणि त्याचा खरा उच्चार कोणता हे विद्वानांना तर्काने ठरवावे लागते! त्या चार व्यंजनांवर अदोनायचे स्वर बसवल्यामुळे 'यहोवा' हे एक नवेच नाव जन्माला आले. नाव पुसण्याचा एक प्रकार अनादराचा असतो, तसा हा एक पराकोटीच्या आदराचा.

अनादराचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. शौल राजाच्या एका मुलाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एश्बाल आहे. बआल म्हणजे धनी. तेव्हा हे नाव 'धन्याचा माणूस' असे सरळ. शमुवेलाच्या पुस्तकात तोच मुलगा ईश-बोशेथ होतो, आणि बोशेथ म्हणजे लाज. एखाद्या प्रत लिहिणाराने बापाने ठेवलेल्या नावात लाज भरून ठेवली, असा बहुतेकांचा अंदाज आहे. खिर्बेत कैयाफा येथे सापडलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मडक्यावर, इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारासच्या अक्षरांत, हेच एश्बाल नाव कोरलेले निघाले. माणूस दुसरा, पण नाव तेच, आणि ते लावायला त्याला लाज वाटत नव्हती. होशेयच्या पुस्तकात तर याहवे आपल्या प्रजेला सांगतो की, पुढे तू मला 'माझा बआल' म्हणणार नाहीस, 'माझा पुरुष' म्हणशील. म्हणजे लोक याहवेलाच बआल म्हणत होते, आणि भाविकपणे म्हणत होते.

अशेरेच्या वाट्याला जे आले ते याहून चतुर आहे. तिचे नाव बदलले नाही, बिघडवले नाही. त्याचे अनेकवचन केले. अशेरीम, अशेरोथ. विशेषनामाचे अनेकवचन झाले की व्यक्ती संपते आणि वस्तू उरतात. एलचे नावही सामान्यनाम झाले; पण तो सामान्य होऊन सर्वव्यापी झाला, आणि ती सामान्य होऊन कुऱ्हाडीखाली आली.

पटाईंकडे वळतो. त्यांचा मोठा गुण असा की, ते बायबलच्या प्रतिकूल साक्षीतूनच देवीची बाजू उभी करतात. आसा राजाची आजी माका हिने अशेरेसाठी मूर्ती केली होती आणि आसाने ती जाळली. हिज्कियाने अशेरा तोडली. मनश्शेने पुन्हा मंदिरात बसवली. योशीयाने इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास ती बाहेर काढून किद्रोन ओढ्याशी जाळली आणि तिची राख केली. या नोंदी जुळवून पटाई सांगतात की, शलमोनाचे मंदिर ३७० वर्षे उभे होते आणि त्यांपैकी २३६ वर्षे अशेरा त्यात होती. आकडा मोठा ठसठशीत आहे आणि म्हणूनच मला तो पटत नाही. ज्या ग्रंथकाराला आपण पक्षपाती म्हणतो, त्याचीच वही हिशेबाला प्रमाण कशी धरायची? त्याने राजांच्या पदरी पाप आणि पुण्य वाटले ते इतिहास म्हणून नव्हे. यरुशलेम का पडले याचे उत्तर त्याला द्यायचे होते.

डेव्हर हा आकड्यांचा नव्हे, कुदळीचा माणूस. राजवाड्याच्या आणि मंदिराच्या धर्माहून घराघरांतला धर्म वेगळा होता, तो बायकांचा होता, आणि बायबल लिहिणाऱ्या मूठभर पुरुषांना त्याची दखलही घ्यायची नव्हती, हा त्यांचा सिद्धान्त आहे. यहूदाच्या वस्त्यांतून, त्यातही यरुशलेममधून, इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकांतल्या शेकडो मातीच्या बाहुल्या मिळाल्या आहेत. खालचा भाग खांबासारखा, वर दोन्ही हातांनी सावरलेले भरदार स्तन. त्या घरांत सापडतात. मूल व्हावे, झालेले जगावे, दूध यावे, यासाठी केलेली ती मातीतली प्रार्थना होती असे डेव्हर मानतात, आणि हे प्रकरण त्यांच्या पुस्तकातले सर्वांत सरस आहे.

सिद्धान्त मात्र त्यांच्याच पुराव्यावर ठेचकाळतो. मंदिरात मूर्ती बसवणारा मनश्शे राजा होता, मूर्ती करणारी माका राजमाता होती. योशीयाने मंदिराच्या आवारातली जी घरे पाडली त्यांत बायका अशेरेसाठी विणकाम करीत होत्या. हा ओसरीवरचा, माजघरातला धर्म नव्हे; हा भर मंदिरातला, राजाच्या संमतीचा धर्म आहे. येहूने शोमरोनमधल्या बआलाच्या मंदिराचे शौचकूप करून टाकले, पण अशेरेला हात लावला नाही. त्याच्या मुलाच्या राज्यातही ती तेथे उभी होती असे ग्रंथच सांगतो. कर्मेल डोंगरावरच्या प्रसंगानंतर एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांना ठार केले. मग अशेरेचे ४०० कोठे गेले? पंक्तीला जेवताना दिसलेली ४०० माणसे पुढे कथेत येतच नाहीत. कादंबरीत मी असे केले असते तर संपादकाने माझा कान धरला असता. हे ४०० नंतर कोणीतरी घुसडले असावेत असा विद्वानांचा कयास आहे, आणि तो खरा असेल तर असे दिसते की येहूच्या काळी अशेरा ही याहवेची शत्रू समजली जात नव्हती. तिला शत्रू ठरवणारे नंतरचे. सॉल ओल्यन यांनी १९८८ साली हे फार नेटकेपणाने मांडले आहे.

जेफ्री टिगे यांचा १९८६ सालचा आक्षेप या सर्वांनी अधिक मनावर घ्यायला हवा होता. मोहरांवर आणि खापरांवर सापडलेली त्या काळच्या इस्राएली माणसांची नावे त्यांनी तपासली. देववाचक नावांत याहवेचीच नावे प्रचंड संख्येने निघाली. देवीच्या नावावरची जवळजवळ नाहीतच. हा पुरावा भक्कम आहे. पण जेथे अशेरेची पूजा निर्विवाद होत होती तेथेही माणसांच्या नावांत ती क्वचितच येते. मुलाचे नाव बापाच्या देवावरून ठेवले म्हणून आईने बाळंतपणात कोणाला हाक मारली हे कळत नाही.

तिने कोणाला हाक मारली हे कळण्याची एकच जागा अख्ख्या बायबलात आहे, आणि तिच्याबद्दल पटाई आणि डेव्हर दोघेही घाईत असल्यासारखे वाटतात. ती जागा म्हणजे यिर्मयाचा ४४ वा अध्याय. यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये पडले आहे. उरलेसुरले लोक वृद्ध यिर्मयाला घेऊन मिसरात पळाले आहेत. तेथे तो त्यांना बजावतो की, तुम्ही परक्या देवांना धूप जाळलात म्हणून हे झाले. आणि मग लोक उत्तर देतात, बायका उत्तर देतात. आम्ही तुझे ऐकणार नाही. आकाशाच्या राणीला आम्ही धूप जाळीत होतो, पेयार्पणे ओतीत होतो, आमचे वाडवडील, राजे, सरदार सगळेच करीत होते. तेव्हा पोटभर अन्न होते आणि संकट नव्हते. ते बंद केल्यापासून सगळ्याचा तुटवडा झाला, तलवारीने आणि दुष्काळाने आमचा नाश झाला. आणि तिच्या आकाराच्या पोळ्या आम्ही केल्या त्या काय नवऱ्यांना चोरून?

ही आकाशाची राणी अशेराच होती असे नाही. इश्तार किंवा अष्टार्थ असण्याचा संभव अधिक, कारण त्या पोळ्यांचा शब्दच बाबिलोनकडचा आहे. पण सातव्या अध्यायातले तिच्या पूजेचे वर्णन आठवावे. मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात. बायकांचा चोरटा धर्म म्हणतात तो हाच काय? सगळे घर कामाला लागले आहे.

आणि त्यांचा युक्तिवाद पाहा. योशीयाने देवळे पाडली, मूर्ती जाळल्या. काही वर्षांतच, इसवी सनापूर्वी ६०९ मध्ये, तो मगिद्दो येथे मारला गेला आणि पुढल्या एका पिढीत राज्य बुडाले. घटनाक्रम बायकांच्या बाजूचा आहे. यिर्मया म्हणतो, पूजा केली म्हणून बुडालो. त्या म्हणतात, पूजा सोडली म्हणून बुडालो. लिहिणारा यिर्मयाच्या पक्षाचा आहे, यात शंकाच नाही. तरी त्याने हे भाषण मोडून-तोडून लिहिलेले नाही, त्यातला संताप आणि तर्क दोन्ही शाबूत ठेवले. पुढे कोणा स्वर लावणाऱ्याने 'राणी' या शब्दाचे स्वर असे बदलले की वाचताना 'आकाशातली कामगिरी' असा काहीतरी भास व्हावा. भाषण मात्र तसेच राहिले. विरोधकाला इतके चांगले बोलू देणारा लेखक मला पटाईंच्या आणि डेव्हरांच्या आरोपपत्रात कोठे सापडत नाही.

यिर्मयाचे शेवटचे उत्तर नावाबद्दलचे आहे. तुम्ही आपले नवस खुशाल फेडा, तो म्हणतो. पण मिसर देशातल्या कोणाही यहूद्याच्या मुखी यापुढे याहवेचे नाव येणार नाही.

नाईल नदीतल्या येब बेटावर, आजच्या अस्वानजवळ, पुढल्या शतकात यहूदी शिपायांची एक वसाहत होती. तेथे याहू या नावाने त्याच देवाचे मंदिर होते. ते इसवी सनापूर्वी ४१० मध्ये पाडले गेले आणि ते पुन्हा बांधू द्यावे म्हणून त्यांनी ४०७ मध्ये यहूदाच्या सुभेदाराला पत्र लिहिले. त्यांच्या कागदांत प्रत्येकी दोन शेकेल चांदीच्या वर्गणीची एक यादी आहे. जमलेली रक्कम शेवटी वाटली आहे: याहूला १२ कर्ष आणि वर काही शेकेल, एशेम-बेथेलला ७ कर्ष, आणि अनत-बेथेल या देवीला १२ कर्ष. दुसऱ्या एका कागदात शल्लूमचा मुलगा मनहेम शपथ वाहतो. शपथेत याहूचे नाव आहे, पण एकटे नाही. अनत-याहू असे, देवीच्या नावाला जोडून आहे. भांडण एका गाढवीच्या अर्ध्या हिश्श्याचे होते.